हारले की येतां

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. बास्केटबॉल मी कधी खेळलेलो नाही. आमच्या कॉलेजच्या मागे सिमेंटचं मैदान आहे, त्यावर एकच रिंग आहे आणि तिला जाळी नाही. तिथे चेंडू टाकायचीसुद्धा मला लाज वाटते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज, आणि तेही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेले. एका संघाने लागोपाठ दोन वर्षं अजिंक्यपद मिळवलं, त्या हंगामांबद्दल खरं तर एखाद्या जाणकाराने लिहावं. मला त्यातले डावपेच अजून नीट समजत नाहीत. मी ते हंगाम पाहिले ते खेळाखालची लाकडी जमीन पाहत, आणि ती जमीन पुसणाऱ्या माणसाला शोधत. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

आम्ही डिचोलीजवळच्या मुळगावचे. बाबा खाणीवरचा ट्रक चालवायचे. खाणी बंद झाल्या आणि ट्रक घराशेजारी माडाखाली उभा राहिला. त्याच्या हौद्यात पावसाचं पाणी साचून बेडूक ओरडायला लागले, तेव्हा बाबा आखातात गेले. तिथल्या एका शहरात बास्केटबॉलचा मोठा क्लब आहे. पगारी खेळाडू, त्यातले काही अमेरिकेहून आणलेले, आणि चारी बाजूंनी बंद असलेलं थंडगार स्टेडियम. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "स्टेडियमांत काम आसा." काय काम, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

क्लबचे सामने फोनवर फुकट दिसतात, हे मला कॉलेजातल्या एका मुलाकडून कळलं. तिथे संध्याकाळ असते तेव्हा आमच्याकडे जेवणाची वेळ. पहिला सामना आम्ही काकांच्या सोप्यावर बसून पाहिला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. काका-काकींना मूलबाळ नाही, त्यामुळे मी दोन्ही घरांत वाढलो. काका गावात 'मास्तर' म्हणून ओळखले जायचे, पण शाळेचे नव्हेत. दर वर्षी जत्रेला गावची माणसंच मराठी नाटक करतात. ते नाटक काका बसवायचे आणि प्रयोगाच्या वेळी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे. बाबा कायम नायक. बाबांचा आवाज असा की मागच्या चण्यांच्या गाड्यापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. आणि त्यांची एक सवय होती. रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी वाकायचं, फळीला हात लावायचा आणि तो कपाळाला लावायचा. काकांनीच लहानपणी शिकवलेलं.

तर त्या पहिल्या सामन्यात बाबा आम्हाला बराच वेळ दिसलेच नाहीत. आई म्हणाली, "ऑफिसांत आसतले." मग एक उंच खेळाडू धपकन पडला, शिट्टी वाजली, आणि दोन माणसं रुंद पोछे घेऊन धावत आली. त्यातला एक रेषेजवळ थांबला. वाकला. जमिनीला हात लावून त्याने तो कपाळाला लावला. मग खेळाडूच्या घामाचा ओला डाग पुसला आणि मागे वळून पाहत आल्या वाटेने धावत परत गेला.

आईने पदर तोंडाशी धरला होता. ट्रकच्या केबिनमध्ये उंच बसलेले बाबा मी पाहिले होते, नाटकातले राजे झालेले पाहिले होते. मला वाटलं, आता फोन बंद करावा. तेवढ्यात काका खाकरले.

"एंट्री बरी घेतली," ते म्हणाले. "पूण एक्झिट उशिरा. पोछो घेवन धांवताना फाटीं वळून पळोवपाचें नासता."

काकी फिसकन हसली. आई रडता रडता हसली. त्या दिवसापासून आमच्याकडे सामना पाहणं म्हणजे बाबांची एंट्री पाहणं. काकांनी खेळाच्या चार तुकड्यांना चार अंक म्हणायला सुरुवात केली. संघाचा कप्तान झाला नायक, दुसऱ्या संघाचा कोच खलनायक. डाग राहिला की काका फोनला सांगायचे, "अरे थंय, थंय, तुज्या उजव्या पांयाकडेन!" प्रॉम्प्टरला शेवटी कुणाला तरी सांगायचंच असतं.

दुसरा पोछेवाला पेडण्याकडचा, मांद्र्याचा होता. तो मैदानाची पलीकडची बाजू पुसायचा. त्याची बायको आमच्या मुळगावचीच, वरच्या वाड्यावरची, त्यामुळे काका त्याला 'गावचो जावंय' म्हणायचे. तो पडद्यावर दिसला की काका हटकून म्हणायचे, "जावंयबापू, जरा नेटान पुसात. मानपान मागीर."

बाबांच्या वाकण्याकडे खेळाडूंचंही लक्ष गेलं. त्या पहिल्या वर्षी संघ मधेच हरू लागला होता. एकदा म्हणे अमेरिकेहून आलेल्या उंच खेळाडूने बाबांना खुणेने विचारलं, हे काय करतोस? बाबांना इंग्रजीत सांगता येईना. त्यांनी त्याचा हात धरून जमिनीला लावला आणि मग त्याच्या कपाळाला. त्या दिवशी संघ जिंकला. पुढच्या सामन्याला तो उंच माणूस आपणहून वाकला. हळूहळू अशी रीतच पडली. आधी बाबा वाकणार, मग तो, मग खेळ सुरू. वर्षाअखेर संघ अजिंक्य झाला. वरून सोनेरी कागदाच्या पट्ट्या पडत होत्या, खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, आणि कडेला बाबा आणि गावचा जावई त्याच पट्ट्या झाडून गोळा करत होते. बाबांचं काम पक्कं झालं. ते चतुर्थीला येऊन गेले आणि लगेच परत गेले.

दुसरा हंगाम सुरू होण्याआधी आई देवीला गेली. देवळात मीही होतो. आमच्याकडे मनातली गोष्ट देवीला पुजारी सांगतो. बाई आपली इच्छा त्याच्या कानावर घालते आणि तो मोठ्याने गाऱ्हाणं घालतो.

पुजाऱ्याने विचारलं, "कितें मागूं, वहिनी?"

"ह्या वर्साय कंपनीक जैत मेळूं दी म्हण."

"कसली कंपनी?"

"बॉल खेळटात ती."

पुजारी माझ्याकडे बघून हसला. पण त्याने गाऱ्हाणं सगळं नीट घातलं. परमुलखात राबणाऱ्या नवऱ्याच्या कंपनीला पुन्हा जैत दे, विजय दे, ही बाई तुझी ओटी भरील, साडी नेसवील, गाभाऱ्यात तुपाची दिवली लावील. आईने हात जोडले. देवीला उतर, म्हणजे शब्द, देऊन झालं. आम्ही उड्या मारतच घरी आलो म्हटलं तरी चालेल.

दुसरा हंगाम सुरुवातीपासूनच जोरात होता. गेल्या वर्षी जिंकलेला संघ म्हणून प्रत्येक जण त्यांना पाडायला टपलेला असायचा, असं कॉमेंट्रीवाले म्हणायचे. नायकाचा गुडघा दुखावला, त्यावर काळी पट्टी आली. तरी ते जिंकत राहिले. काकांना आता नियमही कळू लागले होते. लांबून टाकलेल्या चेंडूला जास्त गुण मिळतात हे कळल्यावर ते म्हणाले, "बरोबर आसा. फाटल्या रांगेमेरेन आवाज पावयलो, तर टाळयोय जास्त."

थंडीत काकांना खोकला लागला. आधी घरचा काढा झाला, मग डिचोलीचा डॉक्टर, मग म्हापशाचं इस्पितळ. फुप्फुसात जे निघालं त्याचं नाव डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कारण मी कॉलेजात जाणारा. मला ते नाव नीट ऐकूही आलं नाही. एवढंच समजलं की आता फार करण्यासारखं नाही, घरी न्या, आणि कुणाला भेटायचं असेल तर वेळ लावू नका.

काकांना एकाच माणसाला भेटायचं होतं. ते तसं बोलले नाहीत. पण खाट सोप्यावर जनेलाजवळ, खिडकीशी, घ्यायला लावली, जिथून वाटेवर येणारा माणूस दिसतो.

आईने बाबांना फोनवर सांगितलं, पण अर्धंच. काकांनी बजावलं होतं, "ताका रडोवन जमीन भिजवूं नाकात. पांय निसरून पडटलो थंय." तरी बाबांना काय ते उमगलं असावं. त्यांनी सुट्टी मागितली. मॅनेजर माणूस बरा होता, पण तो म्हणाला, हंगाम संपेपर्यंत थांब. एक म्हणजे बदली माणूस नव्हता, आणि दुसरं म्हणजे खेळाडू बाबांना सोडायला तयार नव्हते. बाबा वाकले नाहीत तर उंच माणूस मैदानात पाय टाकत नसे. संघ बाद फेरीत पोचला होता. ज्या दिवशी हरतील त्या दिवशी हंगाम संपणार होता.

बाबा फोनवर म्हणाले, "हे हारले की हांव येतां. दुसऱ्याच दिसा विमानांत बसतां."

मग पुन्हा म्हणाले, "दादाक सांग. हारले की येतां."

आता आमची अवस्था काय झाली ते कसं लिहावं, मला कळत नाही. दुसऱ्या संघाचा चेंडू जाळीत गेला की मला आत कुठेतरी बरं वाटायचं, आणि पडद्यावर बाबा दिसले की त्याच बरं वाटण्याची लाज वाटायची. आई तर फार अडकली होती. तिनेच जैत मागितलं होतं. बाबांचा संघ पुढे पुढे चालला होता आणि ती देवीची कृपा होती. आता देवीला काय सांगणार?

एका सकाळी काकी आईला म्हणाली, "आपण परत वचूया. तुवें सांगिल्लें तें फाटीं घे."

दोघी गेल्या, बरोबर मी. पुजाऱ्याने ऐकून घेतलं. आता तो हसला नाही.

"वहिनी, देवीक दिल्लें उतर फाटीं घेवंक येना," तो म्हणाला. "आदीं जिंकय म्हळें, आतां हारय म्हणपाचें? ती कोणाचें आयकतली? जाय जाल्यार प्रसाद घेवया. तो वेळार पावतलो काय ना, इतलेंच विचारूया."

प्रसाद म्हणजे आमच्याकडे देवीला कौल लावतात तो. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून बसायचं. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. पुजाऱ्याने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही बसलो. काकीने पापणीसुद्धा लववली नाही. समईतलं तेल दोनदा घातलं. बाहेर ऊन चढलं, पाववाल्या पोदेराची सायकल भोंपू वाजवत देवळावरून गेली, नैवेद्याची वेळ होऊन गेली. पाकळ्या होत्या तिथेच होत्या. उजवीकडची पडली नाही, डावीकडचीही पडली नाही.

शेवटी पुजारी हळूच म्हणाला, "आज देवी उलयना."

देवी बोलत नाही म्हणून आम्ही तसेच निघालो; येताना काकी वाटेत एका दगडावर बसली. पायात काटा गेला म्हणाली. आईने तिचा पाय मांडीवर घेऊन पाहिला. काटा नव्हता.

उपांत्य सामना आला तेव्हा काजूचे दिवस होते, सगळ्या आळीला बोंडूंचा वास सुटला होता. काकांना आता बसवत नव्हतं. मी फोन त्यांच्या छातीवर उशी ठेवून तिला टेकवला. आई भिंतीला टेकून, काकी पायथ्याशी. बाबांची एंट्री झाली, बाबा वाकले, उंच माणूस वाकला, आणि खेळ सुरू झाला.

सुरुवातीपासून आमचा संघ मागे होता. तिसऱ्या अंकात आणखी मागे पडला. नायक लंगडत होता. काकी माझ्याकडे पाहत होती, मी पडद्याकडे. तिने नुसत्या ओठांनी विचारलं, "हारतात?" मी मान हलवली. आईने डोळे मिटून घेतले. मला दिसत होतं, बाबा उद्या विमानात बसणार, परवा वाटेवर दिसणार. मी मनात ट्रकच्या जागेपासून जनेलापर्यंतची वाटसुद्धा चालून आलो.

मग शेवटच्या अंकात ते भरून काढायला लागले. एकेक करत जवळ आले. घड्याळ संपत आलं तेव्हा एकाच चेंडूने मागे होते. चेंडू नायकाकडे गेला. पट्टी बांधलेल्या पायावर तो उडाला, आणि चेंडू बराच वेळ रिंगवर फिरत राहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट चुकावी म्हणून देवाचं नाव घेतलं.

चेंडू आत पडला.

स्टेडियम गर्जलं. आमच्या सोप्यावर आई हुंदके देऊन रडायला लागली. काकी उठून आत गेली. आणि काका, ज्यांना दोन दिवस पाणी गिळवत नव्हतं ते काका, उशीवरून मान उचलून म्हणाले, "शाबास! शाबास रे!"

मग त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं. "रडटा कित्याक? तो जिंकलो न्ही?"

"भावजी, तो आतां येवंक पावचो ना," आई म्हणाली. त्यांच्यासमोर हे पहिल्यांदाच कुणी बोललं.

"माका खबर ना व्हय तें?" काका म्हणाले. दम लागत होता म्हणून ते थोडं थोडं बोलत होते. "आयक. बापूय गेलो त्या रातीं हो स्टेजीर आसलो. तुमकां खबर आसा."

गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. माझे आजोबा गेले तेव्हा जत्रेचं नाटक चालू होतं. घरचा माणूस विंगेत येऊन काकांच्या कानात सांगून गेला. काका प्रॉम्प्टिंग करत होते आणि बाबा रंगमंचावर होते. काकांनी पुढचं सगळं नाटक तसंच सांगत नेलं, एक शब्द चुकवला नाही. पडदा पडल्यावर बाबांच्या डोक्यावरचा मुकुट आपल्या हाताने उतरवला आणि मग सांगितलं.

"नट स्टेजीर आसताना घरची खबर दिवपाची ना," काका म्हणाले. "म्हजें कितेंय जावं. फायनल जातकच सांगात. पडदो पडटकच." मग माझ्याकडे वळून, "आयकलें मरे, कॉलेजवाल्या? तूं फोनार बडबडो. तूंच सांगून सोडशी."

मी म्हटलं, सांगणार नाही.

काका अंतिम सामन्याच्या नऊ दिवस आधी गेले. सकाळी गेले, चहाच्या वेळी. जनेल उघडं होतं. धाकट्या भावाने अग्नी द्यायचा, तो नव्हता, म्हणून मी दिला. न्हाव्याने अंगणात माझं डोकं केलं, सगळे केस उतरवले, तेव्हा मानेवरून गेलेला वारा मला अजून आठवतो. बाबांचा संध्याकाळी फोन आला. आई म्हणाली, "भावजी न्हिदल्यात." काकी बाजूलाच बसली होती. तिने आईचा हात धरून ठेवला होता.

त्यानंतर रोज फोन यायचा आणि रोज आई काहीतरी सांगायची. आज पेज घेतली. आज बरं वाटतं. बाबा म्हणायचे, "बरें. ताका सांग, हांव पळेतां घड्याळाकडेन." आता वाटतं, त्या दिवसांत बाबा फार कमी विचारायचे. तेव्हा ते लक्षात आलं नाही.

सुतकाच्या घरात खेळ पाहावा की नाही, मला विचारायचं धाडस नव्हतं. अंतिम सामन्याच्या दिवशी काकीच म्हणाली, "फोन हाड. तांणी खेळ पळयलो आसतो." ती मागच्या पडवीत चटईवर बसली आणि फोन तिने स्वतःच्या हातात धरला. काकांच्या जागी कुणी प्रॉम्प्टिंग करणारं नव्हतं. गर्दीचा आवाज मोठा यायचा म्हणून तिने तो अगदी लहान केला होता.

बाबा आले. त्यांच्या डोक्यावर क्लबची टोपी होती, जी आधी कधीच नसायची.

"टोपी कित्याक?" आई म्हणाली.

"फायनल न्ही. सगळ्यांक दिल्ली आसतली," काकी म्हणाली. पण मांद्र्याच्या माणसाच्या डोक्यावर टोपी नव्हती.

बाबा रेषेजवळ आले आणि न थांबता आत गेले. वाकले नाहीत. सरळ जाऊन पोछा फिरवू लागले. उंच माणूस रेषेवर उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता. त्याने हाताने खूण केल्यासारखं मला वाटलं. बाबांनी मान वर केली नाही. मग कॅमेरा दुसरीकडे गेला.

"आज पांयां पडलो ना तो?" काकीने विचारलं.

"घाईंत आसतलो," आई म्हणाली.

मीही तसंच धरून चाललो. सामना एकतर्फी झाला. सुरुवातीलाच आमचा संघ पुढे गेला आणि पुढेच राहिला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी अजिंक्यपद. पुन्हा वरून सोनेरी पट्ट्या पडल्या, पुन्हा बाबा त्या झाडत होते, टोपी कपाळावर खाली ओढलेली. आईच्या देवीने तिचं म्हणणं पुरं केलं होतं. आमच्यापैकी कुणीही टाळी वाजवली नाही.

आईने फोन लावला तेव्हा मागे खूप गोंगाट होता. ती म्हणाली, "आयकतात? भावजी गेले." मग कधी, कसे, अग्नी कुणी दिला, सगळं एका दमात सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मग बाबा म्हणाले, "बरें केलें. मदीं सांगलें ना तें बरें केलें." आणि मग, "वहिनी आसा? तिका दी." काकीने फोन घेतला आणि कानाशी धरून ती आत गेली.

बाबा बाराव्याला पोचले. टोपी काढली तेव्हा डोकं केलेलं दिसलं. बातमी कळल्यावर तिकडेच केलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. आम्ही पिंडाला शेजारी शेजारी बसलो होतो. मागून कुणी शेजारीण म्हणाली, "बापूय-पूत एकसारके दिसतात. केंसय तितलेच आयल्यात." ते मी ऐकलं आणि पुढच्या मंत्राकडे लक्ष दिलं.

सुतक फिटल्यावर आईने देवीची ओटी भरली, साडी नेसवली, गाभाऱ्यात तुपाची दिवली लावली. बोललेलं सगळं केलं. बाबा देवळाबाहेर चपलांजवळ उभे होते. काही दिवसांनी ते परत गेले. जाताना त्यांनी काकांची खाट जनेलापासून हलवली आणि भिंतीला उभी करून ठेवली.

यानंतर चतुर्थी झाली. मांद्र्याचा माणूस सुट्टीवर आला आणि त्याचा मला फोन आला, बाबांनी एक पिशवी पाठवली आहे, येऊन घेऊन जा. मी म्हापशाहून बस बदलून शिवोलीच्या पुलावरून मांद्र्याला गेलो. त्याचं घर समुद्राच्या वाटेवर आहे, पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना दिलेल्या. त्याने मला खुर्ची दिली, आतून त्याच्या बायकोने चहा आणि पाव आणला. ती मुळगावची म्हणून तिने आधी काकीची चौकशी केली. मग म्हणाली, "मास्तर गेले त्याच दिसा माका म्हज्या आवयन फोन केल्लो. हांवें रडत रडत हांकां फोनार सांगलें."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पाव मोडत होता, तो मोडायचा थांबला.

"तुका बापायन सांगूंक ना?" तो म्हणाला.

"कितें?"

"हांवें ताका त्याच सांजे सांगलें मरे. माका खंय खबर, तुमी लिपयतात तें." तो खाली पाहत बोलत होता. "तो न्हाणयेंत गेलो, रेझर घेतलो आनी सोताचे केंस सोताच काडले. फाटल्यान हांवें साफ केले, ताचो हात पावना जालो थंय. मागीर क्लबची टोपी घाली. फायनलीक कोच सांगता, वाक, हात लाय. तो उंच खेळगडो तर रडकुंडीक आयलो. हो आयकनाच. हांवें विचारलें, तर म्हणटा, 'सुतक आसा माका. सुतकांत पांयां पडनात.'"

"आनी आमकां कित्याक सांगलें ना तांणी?" मी विचारलं. "आई रोज सांगताली, भावजी पेज जेवले, भावजी न्हिदले."

"आयकतालो मरे तो," मांद्र्याचा माणूस म्हणाला. "फोन दवरून वणटीक तेंकून बसतालो. हांवें म्हळें, सांगून सोड त्या बायलेक, कितलें खोटें सांगतली ती? तर म्हणटा, 'दादान सांगलां आसतलें तिका. हांव मदीं उलयल्यार तीं चुकतलीं. पडदो पडूं दी.'"